गिरणी कामगाराच्या श्वासाचं मोजमाप

१८७६ च्या पावसाने सोलापूरला दगा दिला. जोंधळा हाती लागला नाही आणि गावोगावची माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडायला गेली. त्या दुष्काळातच, १८७७ साली, सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. तिच्यामागे मुंबईच्या मोरारजी गोकुळदास यांचा पुढाकार होता. पुढे लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या आल्या, तेव्हा या पहिल्या गिरणीला लोक जुनी मिल म्हणू लागले आणि ते नाव कायम झालं. शेतीने हाकललेल्या माणसाला भोंग्याच्या वेळेवर हजर राहिलं की पगार मिळू लागला. कर्नाटकातून, मराठवाड्यातून आणि निजामाच्या राज्यातल्या तेलुगू मुलखातून माणसं येत राहिली. सोलापूर हे गिरणगाव झालं ते असं.

त्याच १८७७ साली पॅरिसमध्ये आद्रियाँ प्रूस्त या डॉक्टरने आरोग्यशास्त्रावर एक ग्रंथ लिहिला. कापूस, अंबाडी, जवस यांच्या धुळीत काम करणाऱ्यांना छातीचा जो विकार होतो, त्याला त्याने ‘बिसिनोसिस’ असं नाव दिलं. प्रूस्तचा मुलगा मार्सेल तेव्हा सहा वर्षांचा होता. वयाच्या नवव्या वर्षी त्याला दम्याचा पहिला झटका आला आणि पुढे जगप्रसिद्ध कादंबरीकार झाल्यावरही त्या दम्याने त्याचा पिच्छा सोडला नाही. कापसाच्या धुळीच्या रोगाला नाव देणाऱ्या बापाच्या घरातच श्वासासाठी तडफडणारं मूल होतं, हे वाचलं की मला पुढचं सगळं अधिक जवळचं वाटू लागतं.

रोग नावापेक्षा जुना होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या रामाझ्झिनीने अंबाडी विंचरणाऱ्यांचा खोकला नोंदवून ठेवला होता. १८३१ मध्ये मँचेस्टरच्या जेम्स के या डॉक्टरने सूतगिरणीतल्या कामगारांच्या छातीबद्दल लिहिलं. धूळ सगळ्यात जास्त कुठे, हे गिरणीत राबलेल्या कोणालाही सांगता येईल. गाठी फोडून कापूस मोकळा होतो ती ब्लो रूम आणि तो विंचरला जातो ते कार्ड खातं. तिथली हवा पांढरी असते. तूस भुवयांवर बसतं, नाकात जातं, डब्यातल्या भाकरीवर पडतं. पुढे सूत कातून मागावर जाईपर्यंत धूळ कमी कमी होत जाते.

या रोगाची चाल मोठी विचित्र. आठवड्याची सुट्टी घेऊन कामगार कामावर येतो, तेव्हा पहिल्याच दिवशी, पाळी सुरू झाल्यावर काही तासांनी, त्याची छाती आवळू लागते. दुसऱ्या दिवशी त्रास कमी, तिसऱ्या दिवशी जवळजवळ नाही. इंग्लंडमध्ये सुट्टी रविवारी, म्हणून त्रास सोमवारचा. विश्रांतीनंतर माणसाला बरं वाटायला हवं, तर इथे उलटंच. त्यामुळे मुकादमाला ते कामचुकारपणासारखं दिसे आणि डॉक्टरला कधी क्षय, कधी बिडीचा खोकला. आज आपल्याला कारण माहीत आहे. कापसाच्या बोंडाला चिकटलेल्या पानापाचोळ्यावर जीवाणू वाढतात. त्यांच्या शरीरातलं एंडोटॉक्सिन नावाचं द्रव्य धुळीबरोबर श्वासात जातं आणि श्वासनलिका आकसतात. रोजच्या माऱ्याला शरीर काही अंशी सरावतं आणि सुट्टीत तो सराव मोडतो. दमा हा निराळा रोग आहे, पण नळ्या आकसणं दोन्हींत आहे. वर्षानुवर्षं असंच चाललं, की नळ्या आठवड्याची वाट पाहत नाहीत. त्या कायमच्या अरुंद होतात.

छाती आवळते, हे कामगार सांगणार. ती किती आवळते, हे कोण सांगणार? या प्रश्नाचं उत्तर देणारं यंत्र प्रूस्तच्या ग्रंथाआधी तीस वर्षं तयार होतं.

१८४६ साली लंडनमध्ये जॉन हचिन्सन या डॉक्टरने आपलं स्पायरोमीटर जगापुढे मांडलं. पाण्यात पालथी तरंगणारी एक घंटा, तिला समतोल साधणारी वजनं आणि एक नळी. छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीतून सगळा सोडायचा. घंटा जेवढी वर उचलली जाईल तेवढी हवा. हचिन्सनने २१३० माणसं मोजली. त्यांत खलाशी होते, पोलीस होते, मुष्टियोद्धे होते, गरिबांच्या आश्रमातले लोक होते. उंची वाढते तशी ही हवा ठरावीक हिशेबाने वाढते, हे त्याला दिसलं: पाच ते सहा फुटांच्या दरम्यान दर इंचाला आठ घन इंच. या क्षमतेला त्याने जीवनाशी जोडलेलं नाव दिलं, ‘व्हायटल कपॅसिटी’, कारण ती ज्याची घटलेली, तो फार जगणार नाही असं त्याचं मत होतं. आयुर्विमा कंपन्यांनी हे यंत्र वापरावं असं त्याला वाटे. गिरणीच्या दाराशी ते न्यावं हा विचार यायला आणखी शंभर वर्षं गेली.

त्या यंत्रात एक उणीव होती. ते एकूण हवा मोजायचं, ती बाहेर यायला किती वेळ लागला हे मोजायचं नाही. दमेकरी माणूस पुरेसा वेळ दिला तर बरीचशी हवा बाहेर काढू शकतो. त्याचं दुखणं आहे ते वेगाचं. १९४७ साली फ्रान्समध्ये रोबेर टिफनो आणि पिनेली यांनी पहिल्या एका सेकंदात किती हवा बाहेर पडते, याला महत्त्व दिलं. आज कोणत्याही छातीच्या दवाखान्यात ‘जोरात फुंका, जोरात, अजून, अजून’ असा जो पुकारा चालतो, त्यातला पहिला सेकंद हा टिफनोचा. याच टिफनोने त्याच्या दोन वर्षं आधी, १९४५ मध्ये, दुसरीही एक वाट उघडली होती. ॲसिटिलकोलीनचा फवारा श्वासातून दिला की दमेकऱ्याच्या नळ्या निरोगी माणसापेक्षा फार लवकर आकसतात, असं त्याने आणि बोव्हालेने दाखवलं. नळ्यांचा हा हळवेपणा, ज्याला डॉक्टर हायपररिस्पॉन्सिव्हनेस म्हणतात, मोजायची पद्धत पुढे कॅनडातल्या हॅमिल्टनमध्ये कॉकक्रॉफ्ट आणि हारग्रीव्ह यांनी १९७७ साली घालून दिली. हिस्टामिनचा फवारा थोडा थोडा वाढवत न्यायचा आणि पहिल्या सेकंदाची हवा २० टक्क्यांनी घटली की थांबायचं. जेवढ्या कमी मात्रेत ती घटते, तेवढ्या नळ्या हळव्या.

आता टिफनोच्या १९४७ च्या लेखानंतर दोनच वर्षांनी सोलापुरात काय घडलं ते पाहू. ऑगस्ट १९४९ मध्ये जुनी मिल बंद पडली. हजारो घरांच्या चुली तिच्यावर होत्या. जानेवारी १९५० मध्ये केंद्र सरकारने खास वटहुकूम काढून गिरणी ताब्यात घेतली आणि त्यावरून दोन खटले सर्वोच्च न्यायालयात गेले. चिरंजितलाल चौधरी या भागधारकाच्या खटल्याचा निकाल १९५० च्या डिसेंबरात लागला, द्वारकादास श्रीनिवास यांच्या खटल्याचा १९५३ च्या डिसेंबरात. समतेचा हक्क आणि मालमत्तेचा हक्क यांवरचे हे निकाल कायद्याचे विद्यार्थी आजही वाचतात. सोलापूरच्या गिरणीने भारतीय राज्यघटनेच्या इतिहासात स्वतःची जागा मिळवली, याचा अभिमान जरूर धरावा. पण त्या खटल्यांत ज्याची मोजदाद झाली, ते होतं भागभांडवल. कार्ड खात्यातल्या माणसाच्या छातीत काय शिल्लक राहिलं आहे, हा प्रश्न त्या काळी आपल्याकडे कोणत्याच दरबारात गेला नव्हता.

तो प्रश्न लँकेशायरमध्ये विचारला जात होता. रिचर्ड शिलिंग या डॉक्टरने १९५० च्या दशकात तिथल्या कार्ड खात्यांत जाऊन कामगारांना एकच साधी गोष्ट विचारली: छाती आवळते का, आणि कोणत्या दिवशी? त्या उत्तरांवरून त्याने रोगाच्या पायऱ्या ठरवल्या. सोमवारी अधूनमधून, दर सोमवारी, सोमवारसह इतरही दिवशी. मुकादमाला ज्या तक्रारीत कामचुकारपणा दिसत होता, तीच शिलिंगने निदानाची खूण मानली. मला हा या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण वाटतो. यंत्राच्या आधी एका डॉक्टरने कामगाराच्या शब्दावर विश्वास ठेवला.

मग यंत्र आलं. वेल्समधल्या न्यूमोकोनिओसिस संशोधन केंद्रातले मॅकेरो, मॅकडर्मट आणि गिल्सन यांनी शिलिंगबरोबर कामगारांचा श्वास दिवसभरात पुन्हा पुन्हा मोजला आणि १९५८ मध्ये निष्कर्ष छापले. पाळीच्या सुरुवातीला जी क्षमता होती, ती पाळी संपताना घटलेली होती. एकाच माणसाची सकाळ आणि संध्याकाळ शेजारी ठेवली, की उंची, वय, वजन, वंश हे सगळे वाद बाजूला पडतात. कोणाशी तुलना करायची, हा प्रश्नच उरत नाही. तो स्वतःच स्वतःचा मापदंड. त्याच केंद्रात काम केलेल्या मार्टिन राइटने मॅकेरोच्या साथीने १९५९ मध्ये हातात धरून फुंकायचं पीक फ्लो मीटर जाहीर केलं. आता मोजमाप प्रयोगशाळेतून निघून गिरणीच्या आवारात जाऊ शकत होतं.

फुंकून बाहेर पडलेली हवा मोजता आली, तरी आत उरलेली हवा राहतेच. कितीही जोर लावला तरी फुप्फुसं पूर्ण रिकामी होत नाहीत. ही उरलेली हवा मोजायचा पहिला यत्न हम्फ्री डेव्हीने १८०० च्या सुमारास स्वतःवरच केला, हायड्रोजन श्वासात घेऊन. १९४९ मध्ये मीनिली आणि काल्ट्राइडर यांनी त्यासाठी हेलियम वापरला. ठरावीक हेलियम श्वासात फिरवायचा आणि तो किती पातळ झाला, यावरून आतल्या हवेचा हिशेब काढायचा. पण दम्यात काही नळ्या इतक्या आवळलेल्या असतात की त्यांच्यापलीकडे हेलियम पोचतच नाही आणि तिथली हवा हिशेबातून सुटते. १९५६ मध्ये फिलाडेल्फियात आर्थर द्युबोआ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाला हवाबंद पेटीत बसवलं. तोंडाजवळची झडप क्षणभर बंद करायची, माणसाने श्वास घ्यायचा प्रयत्न करायचा आणि पेटीतल्या दाबात झालेल्या बारीकशा बदलावरून आतली सगळी हवा काढायची, अडकलेली धरून. शाळेत शिकलेला बॉइलचा नियम, एवढंच त्यामागचं तत्त्व.

या मोजमापाने दम्याचं चित्र बदललं. सिडनीच्या अ‍ॅन वूलकॉक आणि जॉन रीड यांनी १९६६ मध्ये दम्याच्या तीव्र झटक्यात फुप्फुसांचं आकारमान मोजलं. ते अतोनात वाढलेलं होतं. नळी आवळली की हवा आत जाते पण पूर्ण बाहेर येत नाही. पुढचा श्वास तिच्यावर चढतो आणि छाती फुगलेलीच राहते. लोहाराचा भाता उघडलेल्या अवस्थेतच अडकला, तर त्याला दाबून दाबून कितीशी हवा निघणार? औषधाने रुग्णाला बरं वाटू लागतं, तेव्हा कित्येकदा पहिल्या सेकंदाची हवा फारशी सुधारलेली नसते. आत अडकलेली हवा मात्र कमी झालेली असते. म्हणजे ‘बरं वाटतंय’ हे रुग्णाचं वाक्य खरं होतं, फक्त डॉक्टर दुसऱ्याच आकड्याकडे पाहत होते.

हे सगळं आपल्या मुलखात कधी आलं? आरंभ वाटतो त्यापेक्षा जुना आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे पहिले भारतीय अधिष्ठाते आणि शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. सोहनलाल भाटिया यांनी १९२९ मध्ये ‘इंडियन मेडिकल गॅझेट’मध्ये श्वासक्षमतेवर लेख लिहिला. पुढे देशभरच्या मोजण्यांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली: त्याच उंचीच्या युरोपियन माणसापेक्षा आपली श्वासक्षमता कमी भरते. यात कुपोषणाचा वाटा किती, लहानपणच्या आजारांचा किती, चुलीच्या धुराचा किती, शरीराच्या ठेवणीचा किती, हा वाद अजून मिटलेला नाही.

कामगाराच्या दृष्टीने हा वाद फार महत्त्वाचा आहे. युरोपचा मापदंड लावला तर आपला धडधाकट माणूसही आजारी ठरतो. मापदंड सरसकट खाली आणला तर ज्याची छाती धुळीने खाल्ली आहे तोही ‘नॉर्मल’ ठरतो आणि भरपाईचा अर्ज तिथेच संपतो. म्हणून मुंबईत डॉ. एस. आर. कामत आणि डॉ. फारोख उदवाडिया यांच्यासारख्यांनी १९८० च्या दशकात निरोगी भारतीयांचे आकडे जमवायला कष्ट घेतले, ते मोलाचे होते. २०१२ मध्ये निरोगी श्वासक्षमतेची जगभरासाठी जी समीकरणं प्रसिद्ध झाली, त्यांत भारतीयांसाठी वेगळा गट नव्हताच. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशावर आधारलेले मापदंड सोडून सर्वांना एकच समीकरण लावावं अशी शिफारस केली. त्यातून आपल्या यंत्रमाग कामगाराचं भलं होईल की नाही, हे तपासायला आपलेच आकडे लागतील.

कामत परळच्या केईएम रुग्णालयात होते. १९२६ साली उघडलेलं हे रुग्णालय मुंबईच्या गिरणगावाच्या मधोमध आहे. भोंगा झाला की पाळी सुटलेले कामगार त्याच्या दारावरून जात. भारतात बिसिनोसिस फारसा नाही, अशी समजूत बराच काळ होती. इथली हवा, इथला कापूस, इथली उघडी खिडकी अशी कारणं त्यासाठी दिली जात. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या कापड गिरण्यांतले कामगार एकदाच तपासून सोडून दिले नाहीत. पाच वर्षं त्यांचा मागोवा घेतला. बिडी-सिगारेटने होणारा छातीचा जुनाट रोग कोणता आणि कापसाच्या धुळीचा कोणता, हे वेगळं काढणं हा त्या कामाचा गाभा होता. १९८१ मध्ये तो अभ्यास अमेरिकेतल्या श्वसनरोगांच्या अग्रगण्य नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कापसाच्या धुळीवरची कडक मर्यादा उचलून धरली. सूतनिर्मितीत दर घनमीटर हवेत ०.२ मिलिग्रॅम, त्याहून जास्त धूळ नको.

मुंबईत पुढे काय झालं ते महाराष्ट्राला माहीत आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले आणि त्यांतले कितीतरी परत कामावर गेलेच नाहीत. धूळ कमी करा, ही मागणी करायला कित्येकांना गिरणीच उरली नाही. तरी रोग शोधण्याचं काम थांबलं नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतल्या पारीख आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये तिथल्या गिरण्यांचे आकडे प्रसिद्ध केले. ब्लो रूममध्ये सुमारे ३० टक्के आणि कार्ड खात्यात सुमारे ३८ टक्के कामगारांना बिसिनोसिस होता. १९९५ मध्ये डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईच्या एका गिरणीतला बिसिनोसिस ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’तून मांडला. भारतात हा रोग नाही, असं म्हणायला आता जागा राहिली नव्हती.

सोलापुरातही शतक सरता सरता मोठ्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. काम मात्र शहर सोडून गेलं नाही. ते यंत्रमागाच्या शेडमध्ये गेलं. चादर आणि टॉवेल विणणारं आजचं सोलापूर या शेडमध्ये आहे. पुष्कळदा घर आणि कारखाना एकाच छपराखाली असतो, पुढे माग आणि मागे स्वयंपाक. विणकामाच्या शेडमध्ये कार्ड खात्याइतकी धूळ नसते, हे खरं. पण कार्ड खात्यातला कामगार पाळी संपली की बाहेर पडत असे. इथे कांडी भरणारी बाई, तिचं मूल आणि म्हातारी सासू चोवीस तास त्याच तुसात असतात. त्यातच हजारो घरांत बायका विड्या वळतात, म्हणजे तंबाखूची धूळही आहेच. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात बिसिनोसिसचं नाव होतं आणि रुग्ण दिसला तर कारखाने निरीक्षकाला कळवणं डॉक्टरवर बंधनकारक होतं. पण विजेवर चालणारा कारखाना त्या कायद्यात यायला दहा कामगार लागत. चार-सहा मागांची शेड त्या हिशेबात आलीच नाही.

मोजायला जे लागतं ते सगळं सोलापुरात आहे. १९६३ पासूनचं वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याचं सर्वोपचार रुग्णालय आहे, राज्य कामगार विमा योजनेचं रुग्णालय आहे. हवाबंद पेटी प्रत्येक शेडजवळ नेता येणार नाही, पण पीक फ्लो मीटर खिशात मावतं. महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी, यंत्रमागधारकांच्या संघांनी आणि कामगार संघटनांनी मिळून एवढं करावं: सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाळीच्या आधी एक फुंक आणि पाळी संपताना एक फुंक, आणि दोन्ही आकडे वहीत. कांडी भरणाऱ्या बायकांना त्यातून वगळू नये. आणि हा लेख वाचणाऱ्याच्या घरात कोणी मागावर असेल, सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी त्याची छाती आवळत असेल, तर डॉक्टरांना खोकल्याबरोबर आपलं कामही सांगा, त्रास कोणत्या दिवशी होतो तेही सांगा आणि स्पायरोमेट्री करून मागा.